सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी दुखतंच का?
पाळी आणि ओटीपोटाच्या दुखण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एंडोमेट्रिओसिस या आजारावर एक छोटी चौकट छापली होती. गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, तशाच प्रकारचं अस्तर पिशवीच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, पिशवीच्या मागच्या खोलगट भागात, लघवीच्या पिशवीवर किंवा आतड्यावर वाढतं. पाळीच्या दिवसांत तिथेही सूज येते, रक्त झिरपतं आणि हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात, एवढंच त्या चौकटीत सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुलींना आणि स्त्रियांना, जगभरात १९ कोटींना, हा आजार आहे. चौकट वाचून यवतमाळ, अमरावती, बुलडाणा, गडचिरोलीकडून पत्रं आली. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र करून स्त्रीरोग आणि फिजिओथेरपीच्या आमच्या सल्लागारांनी इथे उत्तरं दिली आहेत.

माझी मुलगी दहावीत आहे. पाळीचे पहिले दोन दिवस ती उठत नाही, उलट्या करते, शाळा बुडते. सुई दिली की चार तास बरं वाटतं. यवतमाळला सोनोग्राफी केली, ती नॉर्मल निघाली. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की आपोआप थांबते. खरंच थांबते का?
— एक आई, ता. दारव्हा

लग्नाने थांबत नाही, बाळंतपणानेही बरं होत नाही. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काही जणींना तेवढे महिने आराम पडतो. पाळी परत सुरू झाली की दुखणं परत येऊ शकतं. या समजुतीपायी कितीतरी मुलींची दहा-दहा वर्षं वाया जातात आणि दुखण्याच्या धाकाने त्यांची लग्नंही लवकर लावली जातात. तुमच्या मुलीचं तसं होऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी थोडं ओटीपोट दुखणं, कंबर धरणं हे अनेकींना होतं. साध्या गोळीने आणि शेकाने ते आटोक्यात येतं, रोजची कामं होतात. शाळा बुडवणारं, उलट्या करायला लावणारं, गोळीलाही न जुमानणारं दुखणं तपासायलाच हवं.

आता सोनोग्राफीचं. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून, लघवी रोखून करतात. अंडाशयात रक्ताची गाठ झाली असेल तर ती यात दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे एंडोमेट्रिओसिसचे काही मिलिमीटरचे ठिपके दिसत नाहीत आणि कोवळ्या वयात आजार बहुधा त्याच रूपात असतो. म्हणून नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘मोठी गाठ नाही’ एवढाच घ्यायचा. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये ही अट सोडून दिली. लक्षणं जुळत असतील तर औषध आधी सुरू करता येतं. मुलीला दुर्बिणीच्या ऑपरेशनला घेऊन जायची घाई करू नका.

औषधाचे टप्पे असे. पहिली वेदनाशामक गोळी. मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, नाहीतर डॉक्टर सांगतील ती आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन. ती जेवणानंतर घ्यायची, रिकाम्या पोटी कधीच नाही. इथे चूक वेळेची होते. दुखणं असह्य झाल्यावर घेतलेली गोळी फारशी चालत नाही, कारण दुखणं निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं तोवर तयार झालेली असतात. पाळीची चाहूल लागताच, तारीख नेमाची असेल तर आदल्या दिवसापासून, सुरू करा आणि दोन-तीन दिवस वेळेवर द्या. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या मेफ्टाल स्पाससारख्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅमच असतं, सोबत मुरडा कमी करणारं डायसायक्लोमिन असतं. एवढ्याने भागत नसेल तर मनाने दोन-दोन गोळ्या वाढवत जाऊ नका, डॉक्टरांना सांगा. दमा, ॲसिडिटीचा अल्सर, किडनीचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित एखादीला ताप, अंगभर पुरळ, गळ्यात-काखेत गाठी अशी तीव्र ॲलर्जी होते आणि ती गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनीही उमटू शकते. असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा.

तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर दुसरा टप्पा हार्मोनच्या गोळ्यांचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी माला-एन हीच अशी गोळी आहे. ‘लग्नाआधी पाळणा लांबवायची गोळी?’ म्हणून घरात वाद होईल. इथे ती औषध म्हणून द्यायची आहे. तिने वांझपण येत नाही, बंद केल्यावर अंडं परत तयार होऊ लागतं. पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. डॉक्टरांनी सांगितलं तर लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात न थांबता पुढचं पाकीट सुरू करतात, म्हणजे पाळीच येत नाही आणि दुखायला कारण उरत नाही. पहिले तीन महिने मधूनच डाग पडतात, त्याला भिऊन गोळ्या सोडू नका. सुरू करण्याआधी बीपी मोजून घ्या. डोळ्यांपुढे चमकून मग अर्धं डोकं दुखतं का, घरात कोणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, हेही डॉक्टरांना सांगा. अशांना ही गोळी कदाचित चालणार नाही, दुसरी द्यावी लागेल.

शेक द्या, पण गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं. त्याच जागी तासन्‌तास शेकलं तर कातडीवर काळी-लाल जाळी उमटते. परीक्षेच्या तारखा आणि पाळीच्या तारखा जुळत असतील तर डॉक्टरांकडे दोन महिने आधीच जा.

वय ३३. दोन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. पाळीत खूप अंगावरून जाते, कंबर मोडते, निंदणाला जाता येत नाही, रोजी बुडते. डॉक्टर म्हणतात पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. जावेचीही काढली, पण तिचं दुखणं गेलं नाही. काय करावं?
— ता. राळेगाव

ताई, थांबा. पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: आजाराचं नाव काय, आजवर कोणती औषधं किती महिने दिली, अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि कॅन्सरची शंका कोणत्या तपासणीवरून आली. ‘सूज’ हे निदान नव्हे. पिशवी जाड दिसण्याची तीन कारणं नेहमीची. एक, ॲडेनोमायोसिस, म्हणजे आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूतच शिरणं, यात अंगावरून जास्त जातं आणि दुखतंही. दुसरं, फायब्रॉइड, म्हणजे पिशवीच्या स्नायूतल्या साध्या गाठी. तिसरं, दोन बाळंतपणांनंतर थोडी मोठी राहिलेली निरोगी पिशवी. यातलं कोणतंही ‘काढली नाही तर कॅन्सर’ या गटात बसत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती असेल तर त्याची वेगळी, सोपी तपासणी आहे. व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड लावून तोंड पाहतात. ३० वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत आहे, दर पाच वर्षांनी करून घ्यावी. मात्र पाळीच्या मधेच किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर पाच वर्षांची वाट पाहायची नाही.

तुमच्या जावेचं दुखणं का राहिलं, त्याचं उत्तर आजाराच्या जागेत आहे. एंडोमेट्रिओसिस पिशवीच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढली आणि मागचे डाग, आतड्याला चिकटलेला भाग तसाच ठेवला, तर दुखण्याचं मूळ आतच राहतं. घाईत दोन्ही अंडाशयं काढली तर पस्तिशीतच पाळी जाण्याची सगळी लक्षणं येतात: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. मग पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोनचं औषध घ्यावं लागतं आणि गावात परतलेल्या बाईला ते कोणी सांगितलेलंच नसतं. या प्रश्नात आमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे: दुखण्याच्या गोळीवरून थेट पिशवी काढण्यावर उडी मारली जाते आणि मधले सगळे उपाय राहून जातात.

मधले उपाय हे. डायनोजेस्ट ही हार्मोनची २ मिलिग्रॅमची गोळी रोज ठरल्या वेळी, फरक कळायला तीन महिने द्यायचे. डाग पडणं, डोकं दुखणं, मन उदास होणं असा त्रास काहींना होतो, उदासी वाढली तर डॉक्टरांना लगेच सांगा. अंतरा हे गर्भनिरोधक हार्मोनचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, सरकारी केंद्रात मोफत. सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो, पुढे बहुतेकींची पाळी थांबते. रक्त आत साठून राहतं ही भीती चुकीची, कारण अस्तरच वाढत नाही. ते बरीच वर्षं घेतलं तर हाडांची घनता थोडी कमी होते. बंद केल्यावर दिवस राहायला उशीर लागतो, पण तुम्हाला ती अडचण नाही. तिसरा उपाय हार्मोनची टी, म्हणजे गर्भपिशवीत बसवायची, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असलेली. ती एकदा बसवली की निदान पाच वर्षं चालते आणि तुमच्यासारख्या लक्षणांना सगळ्यात चांगली लागू पडते. तांब्याची कॉपर-टी मात्र बसवून घेऊ नका, तिने रक्तस्राव आणि दुखणं दोन्ही वाढू शकतं. नावं सारखी असल्याने इथे गफलत होते. आठवड्याची ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळीही वेगळी, ती या औषधांच्या जागी घेऊ नका.

हिमोग्लोबिन आधी तपासा. ते ८-९ एवढंच असेल तर थकवा निम्मा त्यामुळेच असेल. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या.

सगळे उपाय करूनही त्रास राहिला आणि तुम्ही विचार करून ठरवलं, तर पिशवी काढणं चूक नाही. तेव्हा बाहेरचे डाग त्याच वेळी काढणारा सर्जन आणि अंडाशयं शक्यतो राखणं, या दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. दुसरं मत सरकारी ठिकाणी घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. डाव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची ‘चॉकलेट गाठ’ आहे. सी.ए. १२५ वाढलेलं आहे. घरचे ऑपरेशन लवकर करा म्हणतात.
— वय २७, ता. वरूड

गाठीत जुनं, घट्ट झालेलं रक्त असतं, त्याच्या रंगावरून हे नाव पडलं. सी.ए. १२५ या रक्ततपासणीचा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढू शकतो, पाळीच्या दिवसांतही वाढतो. तुमच्या वयात त्या आकड्यावरून कॅन्सर ठरवत नाहीत.

पहिली तपासणी नवऱ्याची. वीर्यतपासणी स्वस्त आहे, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. गावाहून बाटली एसटीने नेऊ नका, नमुना तिथेच द्या. ही तपासणी टाळून बाईच्याच पोटावर शस्त्रक्रिया करणं अन्यायाचं आहे. सोबत तुमच्या नळ्यांची तपासणी आणि ए.एम.एच., म्हणजे अंड्यांचा शिल्लक साठा किती, हे पाहा.

ऑपरेशनचा हिशेब असा. गाठीची भिंत सोलून काढताना लगतची निरोगी अंडीही जातात, साठा घटतो. नुसतं सुईने रक्त ओढून घेतलं तर गाठ बहुधा परत भरते. दुखणं फार असेल, गाठ वाढत असेल किंवा तिचं रूप संशयास्पद असेल तर ऑपरेशन करावं. त्याने आपोआप दिवस राहण्याची शक्यताही वाढू शकते. टेस्ट ट्यूब बेबीच करायचं ठरलं असेल तर केवळ त्याआधीचा नियम म्हणून गाठ काढायची गरज नसते. ए.एम.एच. आधीच कमी असेल तर चाकू शेवटी. चार वर्षं झाली आहेत, तेव्हा आणखी वाट पाहू नका. आणि वर सांगितलेल्या हार्मोनच्या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत, त्या चालू असेपर्यंत दिवस राहत नाहीत.

आता महिनाभरच दुखून राहते. लघवीला सारखं जावं लागते, आग होते, बसलं तरी दुखते. पाच वेळा अँटिबायोटिक झाले. दुर्बिणीने डाग जाळले, तेव्हा सहा महिने बरं होतं. आता सगळे रिपोर्ट चांगले. लोक म्हणतात मनाचं आहे.
— ता. मेहकर

मनाचं नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं ओटीपोटाचं दुखणं हा स्वतःच एक आजार होऊन बसतो. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन बिघडलं की गवताची काडी तारेला टेकली तरी भोंगा वाजतो, तसं मज्जासंस्थेचं होतं. वर्षानुवर्षं दुखण्याचे संदेश नेऊन नसा, पाठीचा कणा आणि मेंदू इतके तरबेज होतात, की भरलेली लघवीची पिशवी किंवा आतड्यातला वायूसुद्धा वेदना म्हणून पोहोचतो. भोंगा खरा वाजत असतो, रानडुक्कर मात्र दर वेळी नसतं. म्हणून पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून उपयोग होत नाही.

आधी दोन गोष्टी नक्की करा. अँटिबायोटिकआधी लघवीचं कल्चर. त्यात जंतू नसतील तर सहावा कोर्स घेऊ नका. आणि संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पाळी फारच कमी होणं असं असेल तर जननेंद्रियांच्या क्षयाची तपासणी. आपल्याकडे ती विसरून चालत नाही, उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत.

घरी एक परीक्षा करून बघा. उताणं निजा, जिथे सर्वाधिक दुखतं तिथे बोट दाबून ठेवा आणि डोकं आणि खांदे वर उचला. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा नसेचं असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना हे सांगा, त्या जागी भूल देणारं इंजेक्शन देऊन खात्री करता येते.

बहुतेकींच्या बाबतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुखण्याच्या धाकाने कायमचे आवळलेले असतात. बसल्यावर दुखणं, लघवी अडखळत होणं ही त्याची खूण. मोबाइलवर सगळीकडे दिसणारा आवळण्याचा व्यायाम इथे उलटा पडतो. सैल सोडायला शिकायचं आहे. जमिनीवर उताणं निजून पोटऱ्या खाटेवर ठेवा, एक हात बेंबीखाली. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी लघवी सुटताना जसं सैल पडतं तसं खाली सैल सोडा. सहा आकडे मोजत श्वास सोडा. जोर लावायचा नाही. दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. सहा ते आठ आठवडे नेमाने केल्याशिवाय निकाल ठरवू नका.

शेतात आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी रोखून धरतात. घट्ट झालेली लघवी जास्त आग करते. थोडं थोडं पाणी पीत राहा, दोन-तीन तासांनी लघवीला जा. सोबतच्या बायकांनी मिळून साडीचा आडोसा करावा, यात लाजण्यासारखं काही नाही. चहा महिनाभर एका कपावर आणून पाहा. मलावरोध असेल तर रात्री इसबगोल दोन चमचे, पेलाभर पाण्यासोबत.

डॉक्टर रात्रीसाठी ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम देतील. चिठ्ठी वाचून मेडिकलवाला ‘ही डिप्रेशनची गोळी’ म्हणेल. एवढ्या कमी मात्रेत ती नसांचा अतिरेक शांत करायला देतात. सकाळी गुंगी राहिली तर रात्री आठलाच घ्या. तोंड कोरडं पडतं, शौचास घट्ट होतं. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात.

सीझरच्या टाक्याजवळ सुपारीएवढी गाठ आहे. पाळीत फुगते, ठणकते, मग बसते.
— ता. चिखली

पाळीसोबत फुगणारी टाक्यावरची गाठ ही व्रणातला एंडोमेट्रिओसिस असण्याची दाट शक्यता. सीझरच्या वेळी अस्तराचे कण भिंतीत रुजतात. अँटिबायोटिकने जात नाही, चिरून पू काढायचा प्रयत्न करू देऊ नका. पाळीच्या दिवसांत पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करा, हर्निया नाही याची खात्री होते. गाठ भोवतीच्या सुमारे १ सेंटिमीटर निरोगी भागासकट काढली की बहुधा परत येत नाही.

बायको जवळ येऊ देत नाही, फार दुखते म्हणते. मला वाटते तिचं मन नाही.
— एक वाचक, ता. दर्यापूर

भाऊ, तुम्ही विचारलं हे बरं केलं. खोलवर दुखणं, नंतर तासन्‌तास किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकणं हे एंडोमेट्रिओसिसचं नेहमीचं लक्षण आहे. डाग बहुधा पिशवीला मागून धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांवर असतात आणि दाब तिथेच बसतो. एकदा दुखलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळतात. तिने थांब म्हटलं की थांबा, तेवढ्यानेही पुढच्या वेळची भीती कमी होते. पाळीआधीचा आठवडा टाळा. खोली आणि गती तिच्या हाती राहील अशी स्थिती निवडा. खोबरेल तेल चालतं, पण निरोधसोबत नाही, त्याने रबर फाटतं. तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांपुढे हे लक्षण तुम्हीच आधी सांगा. कित्येक बायका ते कधीच बोलू शकत नाहीत.

मला सिकलसेल आहे, एस.एस. पाळीत पोटासोबत हातपायही दुखतात. कोणती गोळी चालेल?
— ता. आरमोरी

एस.एस. म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्ण असणं. पाळीच्या दिवसांत सिकलसेलचा वेदनेचा झटका येणं अनेकींना घडतं, म्हणून दोन्ही दुखणी वेगळी लिहून ठेवा. इस्ट्रोजेन असलेल्या माला-एनसारख्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, त्या मनाने घेऊ नका. अंतरा इंजेक्शन तुम्हाला सहसा चालतं आणि काहींचे झटकेही कमी होतात. मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन घेण्याआधी किडनीची तपासणी हवी. छातीत दुखून दम लागला किंवा ताप चढला तर ती पाळीची गोष्ट नाही, त्याच तासाला रुग्णालयात जा. नुसतं ए.एस. म्हणजे वाहक असलेल्या बहिणींना ही बंधनं सहसा लागू नाहीत.

मी आशा आहे. बायका ‘पोट दुखते’ एवढंच सांगतात. मी काय विचारू, कुठे पाठवू?
— जि. यवतमाळ

पाच प्रश्न विचारा. दुखण्याने काम किंवा शाळा बुडते का, किती दिवस? पाळीत शौचाला किंवा लघवीला जाताना दुखतं का? संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं का? मूल राहायला अडचण आहे का? आई-बहिणीला असंच होतं का? दोन उत्तरं ‘हो’ आली तरी पाठवा. घरातल्या कालनिर्णयावर तीन महिने खुणा करायला सांगा: पाळीला लाल टिंब, दुखण्याला शून्य ते दहा आकडा, गोळी घेतली तर ‘गो’. लिहिता येत नसेल तर मुलीकडून करून घ्यावं. हे पान डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतं.

आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय: यवतमाळ, अकोला, अमरावतीचं डफरीन, नागपूरचं डागा, मेडिकल किंवा मेयो, सेवाग्रामचं कस्तुरबा. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारायचं. जुन्या ऑपरेशनची नोट आणि सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत सोबत द्या.

काही वेळा मात्र कालनिर्णय बाजूला ठेवून १०८ बोलवा: पाळी चुकलेली आणि अचानक पोटात कळ येऊन चक्कर आली, एका बाजूला असह्य दुखून उलट्या सुरू झाल्या, तापासोबत घाण वासाचं पाणी जातंय, किंवा तासाला एक पॅड भिजतंय. यातल्या पहिल्या प्रकारात गर्भ नळीत असू शकतो. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही ते होऊ शकतं, म्हणून ‘तिचं तर ऑपरेशन झालंय’ म्हणून सोडून देऊ नका.